पगाराचं तेवढं कुणी बोलत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक छायाचित्र आलं होतं. एका उद्योजकांनी आपला वाढदिवस गरीब मुलांच्या शाळेत साजरा केला, केक कापला, दप्तरं वाटली. खाली ओळ होती, 'वंचितांच्या चेहऱ्यावर फुललं हसू'. ती शाळा आमची नव्हे. पण तशाच एका मोफत शाळेची मी खजिनदार आहे, आणि त्या छायाचित्रात मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोघी शिक्षिका पाहून हे पत्र लिहायला घेतलं. बातमीत दप्तरांची संख्या होती. त्या दोघींना पगार कोण देतं, तो वेळेवर होतो का, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

उद्योजकांवर माझा राग नाही. खिशातला पैसा काढून देणारा माणूस केव्हाही बरा. शिवाय आमची मुलं हसायला कुणाच्या वाढदिवसाची वाट बघत नाहीत. फळा पुसताना बाईंच्या नाकाला खडू लागला तरी त्यांना तेवढं पुरतं. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते पैशाचं आहे.

मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगते. माझी सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका बाईंनी 'जरा आमच्या वह्या बघून द्या' म्हणून बोलावलं, आणि तेव्हापासून शाळेची कीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं आणि लेखापरीक्षकांच्या शंका माझ्या गळ्यात पडल्या त्या पडल्याच. त्यामुळे मी शाळेकडे जमाखर्चाच्या बाजूनं बघते. मुलांवर कविता करणारे पुष्कळ आहेत, ते काम त्यांनी करावं.

आमच्याकडे सामानाची एक खोली आहे. मुळात तो वर्ग होता. देणग्या ठेवायला जागा पुरेना म्हणून वर्ग हलवला आणि दोन इयत्ता एकत्र बसवल्या, यावरून काय ते समजा. तिथं कंपासपेट्या इतक्या आहेत की भूमिती शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला चार-चार याव्यात. पाण्याच्या बाटल्या आहेत. एकाच मापाचे स्वेटर आहेत. सहा वर्षांच्या मुलाला ते गुडघ्यापर्यंत येतात आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या कोपराशी संपतात. कुणाच्या तरी कार्यालयातून निघालेले संगणक आहेत, त्यांतले दोन चालू होतात आणि एक चालू राहतो. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आहेत, निम्मी आधीच्या मालकांनी रंगवलेली. भिंग हरवलेली एक दुर्बीण आहे. ती देणाऱ्या गृहस्थांनी निरोप पाठवला होता, मुलांना आकाशाची ओढ लागली पाहिजे. लागायला हरकत नाही, पण त्याला निदान भिंग हवं.

यातली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. पावती फाडायची, साठ्यात जमा दाखवायची, वाटप केलं की मुलांच्या पालकांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे, मग फोटो पाठवायचे, मग 'उपयोगिता प्रमाणपत्र' द्यायचं. हे करायला एक माणूस लागतो. त्या माणसाचा पगार देणगीत नसतो.

दप्तरांवर देणाऱ्याचं नाव असतं आणि बहुधा 'गरजू विद्यार्थ्यांस सप्रेम भेट' अशी ओळही. मोठी मुलं त्यावर आपापले उपाय करतात. एकानं ब्लेडनं छपाई खरवडून काढली. एक जण दप्तर उलटं करून, आतली शिवण बाहेर काढून वापरतो. सहावीतल्या एका मुलीनं त्या ओळीवर निळ्या बॉलपेननं गच्च फुलांची वेल काढली, इतकी दाट की खालचं एक अक्षर दिसू नये. चित्रकलेच्या तासाला ती एवढी मन लावून बसत नाही. आमच्या विश्वस्तांपैकी एकांना हे कृतघ्नपणाचं वाटलं होतं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

आता खर्चाकडे वळते. जगातल्या कुठल्याही शाळेचा जमाखर्च उघडा, खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठा आकडा पगाराचा असतो. आमच्याकडे सुमारे तीन-चतुर्थांश. उरलेल्यात भाडं, वीज, पाणी, खडू-कागद, मुलांचं खाणं, औषधं, दुरुस्ती. आणि जमेच्या बाजूला? तिथं इमारत निधी, ग्रंथालय निधी, संगणक निधी, क्रीडा साहित्य, अमुक यांच्या स्मरणार्थ व्यासपीठ. पगारासाठी म्हणून आलेल्या देणग्या शोधायला मला चष्मा पुसावा लागतो.

एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांशी झालेलं बोलणं सांगते. माणूस सज्जन, ऐकून घेणारा. मी आराखडा पुढे ठेवला. ते म्हणाले, "बाई, पगाराला आम्ही देत नाही. प्रशासकीय खर्च आमच्या धोरणात बसत नाही."

मी म्हटलं, "साहेब, प्रशासकीय म्हणजे माझा टेबलखुर्चीचा खर्च. तो मी मागतच नाही. हे शिक्षकांचे पगार आहेत."

"तेच ते. आवर्ती खर्च. आमचा भर प्रत्यक्ष मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या मदतीवर असतो."

"मुलांपर्यंत रोज पोहोचतं ते शिक्षकच की."

ते हसले, पण खरंच अडचणीत आले. मग म्हणाले, "तुमचं पटतंय. पण वर काय दाखवू? पगाराचा फोटो कसा काढायचा?"

शेवटी त्यांनी स्मार्ट बोर्ड दिला. तो चांगला आहे. भिंतीवर आहे. वीज असली आणि तो चालवू शकणाऱ्या बाई त्या दिवशी आल्या असल्या की चालतो.

यात हिशेबाची एक मेख आहे, ती बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. देणगी ज्या कारणासाठी आली त्याच कारणाला वापरायची, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. उद्या कुणीही उठून इमारतीचे पैसे सहलीला लावू नयेत. पण त्यामुळे असं होतं की बँकेत बऱ्यापैकी शिल्लक दिसते आणि त्याच महिन्यात पगार थकलेले असतात. धान्यानं भरलेली कोठी घरात आणि तिची किल्ली परगावी, अशी ही गत. लेखापरीक्षित ताळेबंद पाहून देणगीदार म्हणतात, तुमच्याकडे तर भरपूर आहे. सभेत विश्वस्तही म्हणतात. मग मला दर वेळी निर्बंधित निधी आणि सर्वसाधारण निधी यांतला फरक नव्यानं सांगावा लागतो, आणि सांगून झाल्यावर कुणीतरी विचारतं, "पण बँकेत आहेत ना?"

दुसरी गोष्ट वेळेची. देणग्या येतात त्या हिशेबी वर्ष संपताना, लोंढ्यानं. करसवलतीची मुदत असते ना. पगार मात्र बारा महिने, महिन्याच्या महिन्याला द्यायचा असतो. मधल्या कोरड्या महिन्यांत शाळा कशी चालते? शिक्षकांच्या उधारीवर. 'या महिन्यात जरा पुढेमागे होईल' हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, आणि त्यांनी 'हो मॅडम' म्हणून किती वेळा मान हलवली असेल. तेव्हा आमच्या शाळेच्या सर्वांत मोठ्या देणगीदार कोण, तर आमच्याच शिक्षिका. त्यांच्या नावाची पाटी कुठं नाही आणि त्या देणगीची पावतीही मी फाडू शकत नाही.

शिक्षक म्हणजे काय, तेही सांगायला हवं. नाहीतर मी नुसती पगारपत्रक घेऊन बसलेली बाई ठरेन.

आमच्याकडे मुलं वर्षाच्या मधेच येतात. आईबाप कामामागे फिरतात. एक बांधकाम संपलं की दुसरं. असाच एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा आला. आधी दोन-तीन शाळांत नाव होतं. वही उघडली तर अक्षर मोत्यासारखं. फळ्यावर लिहाल ते जसंच्या तसं उतरवून काढायचा, एक वेलांटी चुकायची नाही. सगळ्यांना वाटलं, हुशार आहे. आमच्या एका बाईंनी त्याची वही हातात घेतली, त्यानंच लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वाच बरं." तो गप्प. दुसरी ओळ. गप्प. त्याला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. तो सगळी अक्षरं चित्रं म्हणून काढत होता. मागच्या शाळांत कुणाला हे कळलं नाही, कारण वही तपासताना ती स्वच्छच दिसायची आणि साठ-सत्तर मुलांत एकेकाला वाचायला लावायला कुणाला फुरसत?

बाईंनी त्याला इयत्तेतून काढून सात-आठ मुलांच्या गटात घेतलं. त्यात आठ वर्षांची मुलगीही होती आणि तेरा वर्षांचा मुलगाही. वय नाही, वाचनाची पायरी बघून बसवलेला गट. त्याच्या नावातली अक्षरं आधी घेतली. मग त्या अक्षरांतून होणारे शब्द. घ आणि ध, भ आणि म या जोड्यांनी त्याला फार छळलं, कारण चित्र म्हणून ती जवळजवळ सारखीच की. बाई एक अक्षर पाठीवर बोटानं काढायच्या आणि ओळखायला सांगायच्या. मोठ्या मुलाला 'कमळ, बदक' वाचायची लाज वाटते, म्हणून त्या बसच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या, सिनेमाच्या जाहिराती कापून आणायच्या. या साहित्याचा खर्च माझ्या वहीत शून्य आहे. खर्च झाला तो बाईंच्या वेळेचा, रोज तासभर, महिनोन्‌महिने.

आणि मग एके दिवशी तो कार्यालयाबाहेरच्या फलकापाशी उभा राहून मोठमोठ्यानं, अडखळत वाचायला लागला. काय, तर पाण्याचं बिल थकल्याची नोटीस. 'थ-क-बा-की ता-ता-त्का-ळ भरावी.' सगळ्या शाळेनं ऐकलं. मी आत बसले होते. पाहुणे समोर होते. इतकी लाज आणि इतका आनंद एकदम मला आधी कधी झाला नव्हता.

त्या बाई पुढं वर्षाच्या मध्यावरच गेल्या. दुसरीकडे कायम नोकरी, पगार आमच्या दुपटीहून जास्त, घरी म्हातारे सासरे आणि बहिणीचं शिक्षण. कार्यमुक्तीच्या पत्रावर मीच सही केली. माझी मुलगी असती तर 'जा' म्हणूनच सांगितलं असतं. त्यांचा गट दुसऱ्या बाईंच्या वर्गात मिसळला. त्यातली तिघं-चौघं तरून गेली. आठ वर्षांची ती मुलगी पुन्हा मागच्या बाकावर जाऊन वहीत सुंदर अक्षर काढू लागली. तो मुलगा येतो, मधेच दिसत नाही, परत येतो.

याला मी गळती म्हणते. मुलांची गळती सगळे मोजतात, त्याचे तक्ते होतात. शिक्षकांची गळती मोजणारा रकाना कुठल्याही देणगीदाराच्या अर्जात मला अजून सापडलेला नाही.

हे काही आजचं नाही. धर्मादाय शाळांचा इतिहास चाळला तर दिसतं, शिक्षकाच्या पगारात काटकसर करण्याची खोड फार जुनी आहे. १७९८ साली लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या तरुणानं गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. ऐपत असेल त्यानं द्यावं, नसेल त्यानं फुकट शिकावं. मुलं शेकड्यांनी आली आणि मास्तर ठेवायला पैसे नव्हते. मग त्यानं मोठ्या मुलांना मॉनिटर केलं, त्यांनी लहानांना शिकवायचं. त्याच सुमारास अँड्र्यू बेल या गृहस्थांनीही हेच मांडलं होतं, आणि गंमत म्हणजे ते त्यांना सुचलं मद्रासला. तिथल्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे ते प्रमुख होते. जवळच्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्याकडे तेच सुरू केलं. मोठी मुलं धाकट्यांना शिकवू लागली. १७९७ साली त्यांनी त्याचा वृत्तान्त छापला. एक मास्तर आणि शेकडो मुलं, हे गणित देणगीदारांना इतकं आवडलं की ही पद्धत देशोदेशी गेली. स्वस्त होती ना. पण मॉनिटर मुलगा स्वतःच जेमतेम शिकलेला. तो घोकून घेणार, समजावणार कुठून? १८४६ पासून इंग्लंडमध्ये तिच्या जागी पगारी शिकाऊ शिक्षक नेमायला सुरुवात झाली. लँकेस्टर स्वतः तोवर केव्हाच कर्जात बुडाला होता आणि १८०८ साली मित्रांनी त्याची देणी आपल्या अंगावर घेतली होती. स्वस्तातली शाळासुद्धा परवडली नाही म्हणा.

आपल्याकडचं उदाहरण तर हाताशी आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण दरवर्षी सांगतो. पण १८८२ साली जोतीरावांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, ते काढून वाचणारे कमी. त्यात निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी आहे, तशीच शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये पगार असावा हीसुद्धा आहे. शाळा चालवून हात पोळलेला माणूस बोलतोय, हे त्या आकड्यावरून कळतं. नुसतं 'शिक्षणाचा प्रसार व्हावा' म्हणून ते थांबले नाहीत.

कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास जावा म्हणून अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं, ही गोष्ट आपण भाषणांत सांगतो आणि टाळ्या घेतो. माझेही डोळे भरून येतात. पण खजिनदार म्हणून मला दुसरंही दिसतं. त्या महिन्यात समाजानं त्या संस्थेच्या हातात खर्चायला पैसा ठेवला नव्हता. त्या माउलीचा त्याग मोठा, पण तो करायची वेळ ज्यांनी आणली त्यांना आपण गोष्टीतून अलगद वगळतो. आजही शाळेतल्या कुणाच्या तरी घरचं असंच काही मोडतं तेव्हा शाळा चालते, आणि आपण त्याला ध्येयवाद म्हणतो. पगारावर ध्येयवादाचा उतारा काढू नये एवढंच माझं म्हणणं.

'वस्तूंनीही शिक्षण सुधारतंच की' असं कुणी म्हणेल. सुधारतं, पण आपल्याला वाटतं तेवढं नाही. केनियात १९९०च्या दशकात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं देऊन पाहिली. सरासरी गुण वाढलेच नाहीत. जी मुलं आधीपासून पुढं होती, तेवढ्यांनाच फायदा झाला. पुस्तकं होती इंग्रजीत, आणि इंग्रजी ही त्यातल्या बऱ्याच मुलांची तिसरी भाषा. याच क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जी-डुफ्लो यांनी मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाचा अभ्यास केला होता. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसते, एवढाच तो उपक्रम. तिथं गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे जास्त वाढले. आमच्या बाईंना हे नोबेलशिवाय माहीत होतं, पण साहेबांना दाखवायला कागद बरा.

छायाचित्रांचं मात्र मला मनापासून बोलायचं आहे, कारण ते आपल्या अंकाशी संबंधित आहे. लंडनमध्ये अनाथ मुलांसाठी मोठं काम उभारणारे डॉक्टर बर्नार्डो हे मुलांची 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रं काढून त्यांची कार्डं विकत. आधी फाटक्या चिंध्यांतला पोरगा, नंतर तोच हातात हत्यार घेऊन काम शिकणारा. देणग्या मिळत. पुढं तक्रारी झाल्या, १८७७ साली लवादापुढे प्रकरण गेलं. बहुतेक आरोपांतून ते सुटले, पण काही 'आधी'ची छायाचित्रं मुद्दाम तशी सजवलेली होती, यावर लवादानं ठपका ठेवला. दीडशे वर्षं होत आली. आमच्याकडे अजूनही देणगीदारांचे छायाचित्रकार येतात आणि म्हणतात, "त्या धुतलेल्या गणवेशातल्या नकोत, जरा साध्या कपड्यातल्या मुली घ्या ना." मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रं आम्ही आता देत नाही. त्यापायी एक-दोन देणग्या गेल्या. आमची एक मुलगी शिकून नोकरीला लागली आहे, तिच्या लहानपणीचा हात पसरलेला फोटो कुणाच्या तरी वार्षिक अहवालात आजही आहे. तिनं तो आपल्या सहकाऱ्याच्या टेबलावर पाहिला. तिनं मला सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही, पण पुन्हा त्या अहवालाचं नाव काढू नका म्हणाली.

स्वयंसेवकांबद्दलही थोडं. येणारी तरुण मंडळी मनानं चांगली असतात. दोन शनिवार येतात, मुलांना नाच शिकवतात, मुलं जीव लावतात, मग परीक्षा, नोकरी, बदली. मुलं तिसऱ्या शनिवारी फाटकाशी उभी. आठवड्यातून एकच तास द्या, पण वर्षभर तोच तास द्या. तेवढं जमणार नसेल तर आमच्या वह्या तपासायला किंवा पावत्या लिहायला या, तिथं तुमची वाट बघणारं कुणी लहान नाही.

हे सगळं सरकारनंच करायला हवं, असं म्हणणारे वाचक असतील. तत्त्वतः मलाही मान्य. इंग्लंडमधल्या 'रॅग्ड स्कूल' नावाच्या मोफत शाळांचा संघ १८४४ साली झाला, आणि १८७०चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा आल्यावर त्या हळूहळू गरजेच्या उरल्या नाहीत. आमचीही शाळा अशीच एके दिवशी नकोशी व्हावी. पण आज जे मूल अकराव्या वर्षी पहिलं अक्षर ओळखायला बसलं आहे, त्याला तोवर थांबा म्हणून सांगता येत नाही. आमचं काम मुळात मुलाला तयार करून नेहमीच्या शाळेत बसवून देण्याचं आहे. त्यालाच शिक्षक लागतो, आणि तो टिकलेला लागतो.

माझ्या खतावणीतले सर्वांत चांगले देणगीदार कोण म्हणाल तर एक निवृत्त परिचारिका. दरमहा ठरावीक तारखेला त्यांच्या खात्यातून छोटी रक्कम आपोआप येते. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'हवं तिथं वापरा'. त्या शाळेत कधी आल्या नाहीत. एकदा फोन करून बोलावलं तर म्हणाल्या, "मी येऊन काय करू, मुलांचा तास मोडेल." रकमेनं त्या यादीत खाली आहेत, पण पगाराच्या तारखेला माझ्या डोळ्यापुढे त्यांचंच नाव असतं. असे पन्नास जण मिळाले तर मी इमारतीचा देणगीदार आनंदानं परत पाठवीन. (विश्वस्तांनी हे वाक्य वाचू नये.)

मोठ्या देणगीदारांकडे माझं मागणं एवढंच आहे. एक रकमी देण्याऐवजी तीन वर्षांसाठी वाटून द्या आणि तसं लिहून द्या. तीन वर्षांचं लेखी वचन हातात असेल तर मी शिक्षिकेला तीन वर्षांचं नेमणूकपत्र देऊ शकते. अकरा महिन्यांच्या कागदावर कुणी आयुष्याचा बेत आखत नाही. इमारत देणार असाल तर तिच्यात शिकवणाऱ्यांचा काही वर्षांचा पगारही त्याच देणगीत धरा. आणि शाळेला सहा महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी ठेवू द्या. ताळेबंदात ती शिल्लक दिसली म्हणून 'तुम्हाला गरज नाही' असं ठरवू नका. हीच शिल्लक तुमच्या कंपनीत असली तर तुम्ही तिला दूरदृष्टी म्हणता.

आणि आपल्याकडे, संपादक महाशय, एक विनंती. देणगीच्या बातम्या जरूर छापा. पण बातमीदारांना दोन प्रश्न विचारायला सांगा: ही मदत किती वर्षांची आहे, आणि यातला किती भाग शिकवणाऱ्या माणसांच्या पगारासाठी आहे. उत्तर 'एकदाच' आणि 'काही नाही' असं आलं तर तेही छापा. मुलांऐवजी देणगीदारांचा फोटो मोठा घातलात तरी आमची तक्रार नाही. त्यांनी तो काढायला स्वतःहून होकार दिलेला असतो.

सध्या आमच्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज चांगले आलेत, दोघी तर आमच्याच जुन्या विद्यार्थिनी आहेत. पुढच्या आठवड्यात मुलाखती आहेत. पगार किती, हे त्या विचारतील, आणि मला तो आकडा त्याआधी विश्वस्तांकडून मंजूर करून घ्यायचा आहे.

आपली विश्वासू,
एका मोफत शाळेची खजिनदार
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, कृपया छापू नये.)